घटसर्पाची लस पावसाच्या आधीच का? जिवाणूच्या अंगरख्याची गोष्ट



मे महिन्यातल्या गटांच्या बैठकीत एक विषय ठरलेला असतो, जनावरांचं लसीकरण. आणि त्या विषयावरची उत्तरंही ठरलेली असतात. "लस दिली की दूध आटतं." "मागच्या वर्षी दिली होती की, परत कशाला?" "अजून कुठं रोग आलाय? आला की बघू." आणि एखादी आजी मागून म्हणते, "आमच्या वेळेला कुठं होत्या सुया, तरी जनावरं जगायचीच ना."

ही उत्तरं देणाऱ्या बायका अडाणी आहेत असं मला अजिबात वाटत नाही. जनावराचं शेण बघून त्याच्या पोटात काय बिघडलंय ते त्या सांगतात. अडचण एवढीच आहे की सुई टोचल्यावर जनावराच्या अंगात नक्की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही. "सरकारी लस आली आहे, जनावरं बांधून ठेवा" एवढाच निरोप येतो. मी पशुवैद्यक नाही, समाजकार्य शिकलेली मुलगी आहे. पण पशुधन विकास अधिकाऱ्यांना आणि आपल्या पशुसखींना विचारून, वाचून, जे समजलं ते या अंकात लिहिते आहे. थोडं सावकाश वाचा. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचून दाखवलं तर आणखी बरं.

सकाळी दूध दिलं, संध्याकाळी गेली

घटसर्प म्हणजे काय ते ज्यांनी एकदा बघितलंय त्यांना सांगायला नको. म्हैस एकदम चारा टाकते, अंग तापतं. जनावराचा ताप साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतो, तो १०४ ते १०६ च्या पुढं जातो. तोंडातून लाळ गळते. गळ्याखाली, जबड्याखाली सूज येते, ती गरम आणि दुखरी असते, कधी छातीपर्यंत उतरते. श्वास घेताना घुरघुर आवाज येतो, जीभ बाहेर येते. आणि पुष्कळदा एका दिवसात खेळ संपतो. काही वेळा तर सूज यायच्या आधीच जनावर मरून पडतं आणि घरचे म्हणतात, पान लागलं असेल.

गाईपेक्षा म्हशीला हा रोग जास्त होतो, आणि झाला तर जास्त मारतो. त्यातही ६ महिने ते २ वर्षांची रेडकं, वगारी जास्त सापडतात. आपल्या गटांची किती कर्जं म्हशीवर गेली आहेत ते हिशोबनीसताईंना विचारा. म्हैस एका दिवसात जाते, हप्ता मात्र दर महिन्याच्या बैठकीत येतच राहतो. तो हप्ता मग कोण भरतं, कुणाचे डोरले गहाण पडतात, हे मी इथं लिहायची गरज नाही.

इथं एक घोळ सोडवून टाकते, कारण हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. लहान मुलांनाही 'घटसर्प' होतो आणि जनावरालाही 'घटसर्प' होतो. दोन्हींत गळा धरतो म्हणून आपल्या लोकांनी नाव एकच दिलं. पण रोग वेगळे आहेत, जिवाणू वेगळे आहेत. मुलांच्या घटसर्पाला डॉक्टर डिप्थेरिया म्हणतात. त्याची लस बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला देतात, पुढं बूस्टर असतात. जनावराच्या घटसर्पाचा जिवाणू आहे पाश्चुरेला मल्टोसिडा. म्हशीचा घटसर्प माणसाला सहसा लागत नाही, पण म्हशीला टोचलं म्हणून बाळाचं चुकवायचं असंही नाही.

सब्जाच्या बियासारखा जिवाणू

जिवाणू डोळ्याला दिसत नाही, म्हणून ओळखीची वस्तू घेऊ. सब्जाचं बी पाण्यात टाकलं की त्याच्याभोवती बुळबुळीत थर चढतो. बी आत, बुळबुळ बाहेर. चिमटीत धरायला गेलं तर निसटतं. घटसर्पाच्या जिवाणूवर असाच एक थर असतो. जनावराच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यांचं काम जिवाणूला धरून गिळायचं. या थरामुळं जिवाणू त्यांच्या हातातून निसटतो. पांढऱ्या पेशी कमजोर असतात असं नाही, त्यांना पकडच मिळत नाही.

त्या थराच्या खाली जिवाणूची बाहेरची कातडी, आणि तिच्यात बसवलेली प्रथिनं. प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ आठवते, अंगणवाडीतला तक्ता आठवतो. पण जिवाणूच्या कातडीतली प्रथिनं म्हणजे त्याची अवजारंच. काही प्रथिनं दारासारखी असतात, त्यातून त्याचं खाणं आत जातं. काही चिकटायला मदत करतात. आणि काहींचं काम मला फार भारी वाटलं: ती लोह ओढून घेतात.

आपल्याला लोहाच्या गोळ्या कशाला लागतात ते माहीत आहे. जिवाणूलाही वाढायला लोह लागतं. जनावराचं शरीर हुशार आहे, ते रक्तातलं लोह मोकळं ठेवत नाही. एका प्रथिनाला बांधून ठेवतं, जसं आपण पैसे पदराच्या गाठीला बांधतो. मग जिवाणू अंगावर आकडे उगवतो आणि गाठीतलंच लोह ओढून घेतो. पाश्चुरेलाच्या एका आकड्याची तर गाय-म्हशीसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या रक्तातल्या लोहाशीच जोडी जमलेली आहे.

बाहेरच्या कातडीत आणखी एक विषारी भाग असतो. जिवाणूंची संख्या वाढली आणि ते फुटायला लागले की तो रक्तात पसरतो. ताप, सूज, शेवटी जनावराचं कोसळणं, यामागं मोठा हात त्याचाच. म्हणूनच गळा सुजल्यावर डॉक्टर धावत आले, भारी अँटिबायोटिक दिलं, तरी बऱ्याचदा म्हैस वाचत नाही. औषधानं जिवाणू मरतात, पण अंगात पसरलेलं विष परत गोळा करता येत नाही. नुसता ताप असताना उपचार सुरू झाले तर आशा असते. डॉक्टरांना दोष देण्याआधी आपण फोन कधी केला ते आठवून बघा, एवढंच म्हणेन.

हा बुळबुळीत थर, प्रथिनांची दारं, आकडे, सगळं मिळून जिवाणूचा अंगरखा म्हणू या. जनावराचं शरीर जिवाणूला ओळखतं ते या अंगरख्यावरून. दुसरी काही खूण त्याच्याकडं नसते.

लस ओळख करून देते

लसीच्या बाटलीत काय असतं? आपल्याकडच्या घटसर्पाच्या लसीत मारलेले जिवाणू असतात. ते वाढू शकत नाहीत, रोग करू शकत नाहीत, पण अंगरखा अंगावर असतो. लस टोचली की शरीर म्हणतं, हा कोण नवीन? अंगरखा तपासतं आणि त्याला बरोबर चिकटतील अशी प्रतिपिंडं तयार करतं. अँटीबॉडी म्हणतात त्या याच. शिवाय हा अंगरखा लक्षात ठेवणाऱ्या काही पेशी मागं ठेवतं.

मग पावसाळ्यात खरा जिवाणू आला की प्रतिपिंडं जाऊन त्याच्या अंगरख्याला चिकटतात. नदीचा बुळबुळीत मासा साफ करताना आपण हाताला राख लावतो, मग तो निसटत नाही. प्रतिपिंडांचं काम असंच. ती चिकटली की पांढऱ्या पेशींना पकड मिळते आणि त्या जिवाणूला गिळतात. संख्या वाढायच्या आधीच काम होतं, त्यामुळं विष पसरत नाही.

आता बघा, "रोग आला की बघू" यात काय चुकतं. टोचल्यापासून पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला २ ते ३ आठवडे लागतात. घटसर्प एका दिवसात मारतो. शेजारच्या गोठ्यात म्हैस गेल्यावर धावत जाऊन लस दिली, तर आपल्या म्हशीचं शरीर अजून अंगरखा तपासतच असतं. म्हणून जूनमध्ये पाऊस, तर लस मेमध्ये.

शेळीची लस गाईला चालली, मग कोंबडीची का नाही?

२०२२ साली लम्पी आला तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीची लस दिली होती. तेव्हा एका गटात काकू रागावल्या होत्या, "शेळीची सुई गाईला? आम्हाला काय खुळं समजता?" पण ते बरोबर होतं. लम्पीचा विषाणू आणि शेळीच्या देवीचा विषाणू जवळचे भाऊबंद. दोघांचं बाहेरचं रूप इतकं सारखं की एकाची ओळख करून दिली की शरीर दुसऱ्यालाही ओळखतं.

घटसर्पाच्या जिवाणूचं उलट आहे. पाश्चुरेला मल्टोसिडा ही एकच जात, पण तिच्यात वेगवेगळे अंगरखे घालणारे गट आहेत. बुळबुळीत थरावरून त्यांना अ, ब अशी नावं दिल्यासारखी इंग्रजी अक्षरं दिली आहेत. आपल्याकडं आणि आशियात म्हशींना घटसर्प करणारा गट बी २, आफ्रिकेतला ई २. कोंबड्यांना कॉलरा करणारा बहुतेक वेळा ए गटातला. जिवाणूचं नाव तेच, पण कोंबडीच्या लसीनं म्हैस वाचणार नाही, कारण अंगरखा वेगळा.

या जिवाणूला पाश्चुरेला हे नाव लुई पाश्चर यांच्यावरून पडलं. कुत्रं चावल्यावरची लस शोधणारे तेच. त्याआधी, १८७९-८० च्या सुमारास, फ्रान्समध्ये पाश्चर आणि त्यांचे सहकारी कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होते. बरेच दिवस तशीच राहिलेली जिवाणूंची जुनी वाढ त्यांनी कोंबड्यांना टोचली. कोंबड्या मरायला हव्या होत्या, पण जगल्या. पुढं त्याच कोंबड्यांना ताजे, जहाल जिवाणू टोचले, तरीही त्या जगल्या. जुन्या जिवाणूंचा जोर गेला होता, पण ओळख पटायला ते पुरले होते. प्रयोगशाळेत जिवाणूंचा जोर कमी करून लस करता येते, हे इथून लक्षात आलं. म्हणजे आज पोलिओपासून लम्पीपर्यंत ज्या सुया आणि थेंब आहेत, त्यांच्या गोष्टीत आपल्या म्हशीच्या रोगाचा हा भाऊ अगदी सुरुवातीला आहे.

तुरटी की तेल?

"मागच्या वर्षी दिली होती" याचं उत्तर बाटलीतच आहे.

नुसते मेलेले जिवाणू टोचले तर शरीर त्यांना पटकन साफ करून टाकतं, ओळख पक्की होत नाही. म्हणून लसीत काहीतरी धरून ठेवणारं घालतात. एका प्रकारच्या लसीत तुरटी असते. हो, गढूळ पाण्यात फिरवतो तीच तुरटी. पाण्यात ती गाळ खाली बसवते, लसीत ती जिवाणूंना एका जागी धरून ठेवते. दुसऱ्या प्रकारात तेल असतं. तेलामुळं लस टोचलेल्या जागी राहते आणि हळूहळू सुटते, म्हणजे शरीराला बरेच दिवस धडा मिळत राहतो.

तुरटीच्या लसीचा जोर साधारण ४ ते ६ महिने टिकतो. तेलाच्या लसीचा जास्त, वर्षाच्या आसपास. कोणतीही घेतली तरी पुढचा पावसाळा येईपर्यंत जोर ओसरलेला असतो. लहानपणी एकदा टोचलं आणि आयुष्यभर पुरलं, असं मेलेल्या जिवाणूंच्या या लसीत होत नाही. म्हणून दरवर्षी. लस द्यायला डॉक्टर किंवा पर्यवेक्षक आले की एवढं विचारा, "साहेब, तुरटीची आहे का तेलाची?" हे विचारलं की ते वळून बघतात, आणि पुढं नीट समजावूनही सांगतात, हा माझा अनुभव आहे. कार्डावर तारखेबरोबर तेही लिहून घ्या.

लस थंड राहिली पाहिजे, २ ते ८ अंश सेल्सिअस. उन्हात डिक्कीत ठेवलेल्या बाटलीतला अंगरखा बिघडतो, आणि बिघडलेला अंगरखा दाखवून शरीराला काय ओळख पटणार? पण बर्फही होऊ द्यायचा नाही. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात गोठलेली लस बाहेर काढून वितळली की दिसायला तशीच दिसते, काम मात्र करत नाही. पशुसखींनी बर्फपेटीत बाटली थेट बर्फाला टेकवू नये, मध्ये कागद किंवा कापड ठेवावं. आणि प्रत्येक जनावराला नवी सुई. यात कंजुषी चालू दिली तर एका गोठ्यातला रोग दुसऱ्या गोठ्यात आपणच नेऊन पोचवू.

दूध आटतं, ते खरं आहे

हे नाकारण्यात अर्थ नाही. लस दिल्यावर काही जनावरांना एक-दोन दिवस ताप येतो, दूध कमी होतं, टोचलेल्या जागी गाठ येते. तेलाच्या लसीनं गाठ जास्त येते, कारण लस तिथंच थांबलेली असते. संपूर्ण जिवाणू टोचलेला असतो, त्याच्या कातडीतला तो विषारी भागही थोडा असतो, त्यामुळं शरीर तापतं. बाळाला लस दिल्यावर ताप येतो तेव्हा आपण काय करतो? रात्रभर कडेवर घेतो, पण पुढचा डोस चुकवत नाही.

आता हिशोब करू. समजा म्हैस दिवसाला ६ लिटर देते आणि लसीनंतर ४ दिवस रोज एक लिटर कमी दिलं. लिटरला ५० रुपये धरले तर २०० रुपयांचं नुकसान. म्हशीची किंमत ७० हजार धरा आणि वहीत दोन्ही आकडे शेजारी लिहा. मला वाटतं गटानं एक करावं, लसीच्या आठवड्यात कुणाचा दूध संकलनाचा आकडा कमी आला तर त्यावरून टोमणे मारू नयेत. एका गावात घरातला पुरुष नको म्हणत होता, त्याला कारण दुधाचं नव्हतं. डेअरीत आकडा खाली गेला की गावात बोलतात, त्याचं होतं.

गाभण जनावराबद्दल आधीच सांगा, किती महिन्यांची आहे ते सांगा, लस आता द्यायची की नंतर ते डॉक्टर ठरवतील. आजारी, तापलेल्या जनावराला त्या दिवशी टोचू नये. जंताचं औषध लसीच्या आधी आठ-पंधरा दिवस दिलेलं बरं. पोटात जंत घेऊन उपाशी असलेलं शरीर प्रतिपिंडं तरी कशातून करणार?

खरवसाच्या आधी वासरू

वासराचं काय? घटसर्पाची पहिली लस साधारण ६ महिन्यांनंतर देतात. तोवर त्याला सांभाळतो आईचा चीक.

माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईच्या प्रतिपिंडांचा वाटा मिळतो. गाय-म्हशीत तसं होत नाही, वारेतून प्रतिपिंडं पलीकडं जात नाहीत. वासरू जन्मतं ते मोकळ्या हातानं. सगळा वाटा चिकातून मिळायचा. आणि तो रक्तात पोचायचं दार फार थोडा वेळ उघडं असतं. पहिल्या ६ तासांत सगळ्यात जास्त, पुढं कमी कमी होत एका दिवसात जवळपास बंद. त्यानंतर पाजलेला चीक पोट भरतो, पण त्यातली प्रतिपिंडं आतड्यातून रक्तात जात नाहीत. ३० किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात मिळून ३ लिटरपर्यंत चीक जायला हवा, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या काही तासांतच.

आपल्याकडं म्हैस व्याली की शेजारी चीक वाटायची, खरवस करायची पद्धत आहे. वाटा, जरूर वाटा, मलाही पाठवा. पण आधी वासराचं पोट भरू द्या. "वार पडेपर्यंत पाजायचं नाही" असं अजूनही काही घरांत म्हणतात. त्या वाट बघण्यात दार बंद होतं. आणि म्हशीला वेळेवर लस दिलेली असली तर तिच्या चिकातही घटसर्पाची प्रतिपिंडं उतरतात, हा दुहेरी फायदा.

बाजारची म्हैस आणि शेजारचा गोठा

घटसर्पातून वाचलेल्या किंवा वरून ठणठणीत दिसणाऱ्या काही जनावरांच्या घशातल्या टॉन्सिलमध्ये हा जिवाणू लपून राहतो. उन्हाळ्यात चारा कमी, जनावर खंगलेलं. त्यात पहिला पाऊस, अंग भिजलेलं, गोठ्यात चिखल, बैल असेल तर पेरणीचं काम. शरीराचा जोर कमी झाला की लपलेला जिवाणू वाढतो, लाळेतून, नाकातून बाहेर पडतो. ओल्या जमिनीत आणि पाण्यात तो कोरड्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. मग एकाच हाळावर पाणी पिणारी सगळी जनावरं धोक्यात. म्हणून गल्लीत दहापैकी चार जनावरांना टोचून भागत नाही.

गटाच्या कर्जातून बाजारातली म्हैस आली तर तीही हा जिवाणू घेऊन आलेली असू शकते. टेम्पोतून प्रवास, उपाशीपोटी, नवीन जागा. तिला दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, पाण्याची बादली वेगळी ठेवा. आणि माझं स्पष्ट मत आहे की कर्जाच्या ठरावात बिल्ल्याच्या १२ आकडी नंबराबरोबर लसीची तारीखही लिहिली पाहिजे. लस नसेल तर कर्ज नको असं मी म्हणत नाही, पण आल्यावर कधी देणार ते ठरल्याशिवाय सही नको.

एक गोष्ट लोक गल्लत करतात. घटसर्पाची लस दिली तरी वासरू खोकतं, मग म्हणतात लस खोटी. वासरांचा न्यूमोनिया करणारे जिवाणू दुसरेही आहेत. त्यातला एक, मॅनहायमिया, गाई-शेळ्या-मेंढ्यांच्या पांढऱ्या पेशींनाच मारणारं विष सोडतो. अमेरिकेत ट्रकमधून लांब नेलेल्या वासरांना तो फार सतावतो. त्याचा अंगरखा वेगळा, आपल्या घटसर्पाच्या लसीला तो ओळखता येत नाही. तिथं गोठ्यात हवा खेळती ठेवणं, मुताचा उग्र वास साचू न देणं आणि वेळेवर डॉक्टर, हेच उपाय.

पुढं कदाचित बऱ्या लसी येतील. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवतात तिथं त्याला लोह भरपूर मिळतं, म्हणून तो ते लोह ओढणारे आकडे उगवतच नाही, आणि लसीत ते दिसत नाहीत. म्हशीच्या अंगात मात्र तो आकड्यांसह येतो. लोहाशिवाय उपाशी ठेवून वाढवलेले जिवाणू, किंवा संपूर्ण जिवाणूऐवजी निवडक प्रथिनंच टोचायची, यावर शास्त्रज्ञ काम करतात. बरेलीजवळ इज्जतनगरला असलेल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतही जिवाणूच्या बाहेरच्या प्रथिनांवर काम झालं आहे. ही संस्था १८८९ साली सुरू झाली ती आपल्या पुण्यात, नंतर डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आजही पुण्यात औंधला राज्य सरकारची जनावरांच्या लसी बनवणारी संस्था आहे. पण नवी लस येईपर्यंत दवाखान्यात आहे ती लस वेळेवर दिली तर ती चांगलं काम करते.

कुणाच्या गोठ्यात शंका आली तर

एकदम चारा टाकला आणि अंग गरम लागलं तर थर्मामीटर लावा. प्रत्येक पशुसखीकडं तो आहे. १०४ च्या वर असेल तर सूज यायची वाट बघू नका, डॉक्टरांना किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. जनावर वेगळं बांधा. उपचार चालू असताना त्याचं दूध डेअरीला घालू नका. मेलं तर ओढ्यात टाकू नका, कातडं काढू नका, खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. विमा असेल तर आधी कंपनीला कळवा, पाहणी होईपर्यंत बिल्ला कानातच राहू द्या.

प्रत्येक गटानं आपल्या सदस्यांच्या जनावरांची यादी पशुसखीकडं द्यायची आहे. बिल्ला नंबर, वय, गाभण आहे का, मागची लस कधी, एवढे चार रकाने पुरे. भाकड म्हैस, वगार, बैल यांची नावंही घाला, बऱ्याच याद्यांत फक्त दुभती जनावरंच असतात. १५ मेपर्यंत याद्या ग्रामसंघाकडं आल्या तर लसीची मागणी एकदम करता येईल आणि मृगाच्या आधी तीन आठवडे हातात राहतील.